‘च’ कुठे लागतो? राउटिंगच्या लॅब परीक्षेतला संदिग्ध टास्क वाचायचा कसा

जळगावला रविवारी सकाळी आमची एक लहानशी बॅच बसते. नोकरी सांभाळून राउटिंगची, म्हणजे नेटवर्कमधला डेटा कुठल्या वाटेने जाईल ते ठरवण्याची, प्रात्यक्षिक परीक्षा देऊ पाहणारी मुलं-मुली. कुणी भुसावळहून येतं, कुणी चोपड्याहून, एक मुलगी अमळनेरहून रेल्वेने. मागे एकदा मी फळ्यावर एकच इंग्रजी वाक्य लिहिलं: ‘आर३ शुड ओन्ली रिसीव्ह अ डिफॉल्ट रूट फ्रॉम आर१.’ (आर१, आर३ म्हणजे राउटर; डिफॉल्ट रूट म्हणजे दुसरी नेमकी वाट माहीत नसेल तेव्हा धरायची वाट.) म्हटलं, कीबोर्डला कुणी हात लावायचा नाही, आधी वहीत याचं मराठी करा. वह्या गोळा केल्या तेव्हा तीन वेगवेगळी वाक्यं निघाली.

आर३ लाच आर१ कडून डिफॉल्ट रूट मिळावा.
आर३ ला आर१ कडून डिफॉल्ट रूटच मिळावा.
आर३ ला डिफॉल्ट रूट आर१ कडूनच मिळावा.

शब्द तेच, फक्त ‘च’ सरकला. राउटरवर मात्र ही तीन वेगळी कामं आहेत. पहिल्यात डिफॉल्ट रूट दुसऱ्या कुणाला जाता कामा नये. दुसऱ्यात आर३ च्या राउटिंग टेबलमध्ये, म्हणजे त्याच्याकडच्या वाटांच्या यादीत, आर१ कडून आलेला डिफॉल्ट सोडून दुसरा एकही रूट दिसता कामा नये. तिसऱ्यात आर२ सुद्धा डिफॉल्ट पाठवत असेल तर तो आर३ ने घेता कामा नये. ज्याने एक अर्थ धरून वीस मिनिटं घालवली आणि परीक्षकाच्या मनात दुसरा होता, त्याचं कॉन्फिगरेशन कितीही नीट चालत असलं तरी गुण जातात.

लॅब परीक्षेत नापास होणारे बरेच जण प्रोटोकॉल येत नाही म्हणून नापास होत नाहीत, वाक्य घाईत वाचलं म्हणून होतात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून वाक्य कसं वाचायचं तेच इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरणं सगळी आम्ही बॅचसाठी तयार केलेली आहेत. खऱ्या परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असा करार प्रत्येक जण मान्य करूनच आत बसतो, आणि तो पाळायचा असतो. कुणी ‘खरे प्रश्न’ विकत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आधी परीक्षेचा आकार समजून घ्या

नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची सीसीआयई ही या क्षेत्रातली जुनी आणि अवघड मानली जाणारी परीक्षा. ती १९९३ मध्ये सुरू झाली. पूर्वी लॅब दोन दिवसांची असे, २००१ पासून ती एका दिवसात, आठ तासांत होते. २०२० च्या फेब्रुवारीपासून एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चर या शाखेत तिचे दोन भाग आहेत. पहिले तीन तास डिझाइनचे, त्यात राउटरला हातही लावायचा नसतो, फक्त वाचून निर्णय घ्यायचे आणि दिलेल्या उत्तराकडे मागे फिरता येत नाही. उरलेले पाच तास प्रत्यक्ष कामाचे. म्हणजे वाचनाची परीक्षा आता उघडच घेतली जाते. आपल्याकडून जवळचं केंद्र बेंगळुरूचं. माझ्या वेळी फी सोळाशे डॉलर होती, त्यावर गाडीभाडं आणि राहणं वेगळं.

सीसीएनए ही सिस्कोचीच खालच्या पायरीची परीक्षा. तिची २००-३०१ ही परीक्षा १२० मिनिटांची. तिच्यातही लहान लॅब येतात, आणि तिथे अर्थ विचारायला समोर कुणी नसतं. म्हणून पुढचं सगळं सीसीएनए देणाऱ्यालाही लागू आहे, फक्त प्रॉक्टरला (परीक्षेच्या खोलीतल्या पर्यवेक्षकाला) विचारायची पायरी सोडून.

पहिली पायरी: सगळा पेपर एकदा वाचायचा, पण टाइप काही करायचं नाही

डिझाइनच्या भागात मागे जाता येत नाही, त्यामुळे ही पायरी प्रत्यक्ष कामाच्या भागासाठी आहे. पहिली पंधरा-वीस मिनिटं फक्त वाचा. हात शिवशिवतात, शेजारच्या कीबोर्डचा खडखडाट ऐकू येतो, तरी वाचा.

कारण टास्क एकमेकांत गुंतलेले असतात. तिसऱ्या टास्कमध्ये लिहिलेलं असतं, सगळ्या ओएसपीएफ नेबरमध्ये ऑथेंटिकेशन हवं. (ओएसपीएफ हा राउटरनी एकमेकांना वाटा कळवायचा प्रोटोकॉल, नेबर म्हणजे तो बोलणारे शेजारी राउटर, ऑथेंटिकेशन म्हणजे त्यांनी एकमेकांची ओळख पटवणं.) नवव्या टास्कमध्ये तुम्ही आर६ आणि आर८ मध्ये नवी लिंक उभी करता. त्या टास्कमध्ये ऑथेंटिकेशनचा शब्दही नाही. पण ‘सगळ्या’ म्हणजे सगळ्या. नवव्यात तुमचे गुण मिळाले, तिसऱ्यातले गेले, आणि तुम्हाला कळलंसुद्धा नाही.

कच्च्या कामाच्या कागदावर एका बाजूला ‘कायमच्या अटी’ अशी ओळ आखा. स्टॅटिक रूट (हाताने लिहून दिलेली वाट) चालणार नाही, आधीपासून असलेलं कॉन्फिगरेशन न सांगता काढायचं नाही, अमुक राउटरला हात लावायचा नाही: जी अट एका टास्कपुरती नाही ती इथे येते. प्रत्येक टास्क संपवताना नजर या ओळीवरून फिरली पाहिजे.

दुसरी पायरी: वाक्य मराठीत आणा आणि ‘च’ शोधा

हे मला कुणी शिकवलं नाही, बॅच घेता घेता सापडलं. आपल्यातले बरेच जण मराठी माध्यमातून आलेले. घरी अहिराणी नाहीतर तावडी, शाळेत मराठी, इंग्रजी कामापुरती. मुलांना ही उणीव वाटते. मला उलट वाटतं. इंग्रजीत ‘ओन्ली’ हा शब्द वाक्यात सैल उभा असतो, त्याचा अर्थ वाचणाऱ्याने लावायचा. मराठीत ‘च’ कुठल्यातरी एका शब्दाला चिकटवावाच लागतो. चिकटवताना थांबावं लागतं, आणि थांबलं की संदिग्धता दिसते. मनातल्या मनात भाषांतर करणाऱ्याला हा फायदा आयताच मिळतो.

आता फळ्यावरच्या त्या वाक्याकडे परत येऊ. तीन अर्थ निघाले, पुढे काय? उत्तर वाक्यात सापडत नाही, आकृतीत सापडतं.

ओएसपीएफचं नेटवर्क एरिया नावाच्या भागांत वाटलेलं असतं. आर१ एरिया ० आणि एरिया २ च्या सीमेवर आहे. एरिया २ मध्ये फक्त आर३ आहे आणि त्याला दुसरीकडून काहीच येत नाही. मग ‘आर१ कडूनच’ या अर्थाला काही काम उरत नाही, दुसरा कुणी देणाराच नाही. ‘आर३ लाच’ हाही अर्थ आपोआप पुरा होतो, कारण एरियात दुसरा घेणाराच नाही. राहिला ‘डिफॉल्ट रूटच’. म्हणजे टोटली स्टबी एरिया, ज्यात बाहेरचे रूट तपशिलाने न येता फक्त डिफॉल्ट येतो: आर१ वर ‘एरिया २ स्टब नो-समरी’, आर३ वर ‘एरिया २ स्टब’. आर३ वर ही ओळ विसरलात तर नेबरच जुळणार नाही, कारण हॅलो पॅकेटमधली स्टबची खूण दोन्हीकडे सारखी लागते. मग आर३ वर ‘शो आयपी राउट ओएसपीएफ’ मारा. ओ, तारा, आयए आणि पुढे ०.०.०.०/० अशी एकच ओळ दिसली पाहिजे. गिगाबिटची लिंक आणि बाकी सगळं मुळासारखंच असेल तर कंसात ११०/२ दिसेल: ११० हे ओएसपीएफचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (त्या प्रोटोकॉलवर किती भरवसा ठेवायचा त्याचा आकडा), आणि स्टबच्या डिफॉल्टची किंमत १ अधिक लिंकची १ मिळून २.

आता आकृतीत एकच बदल करा. त्याच एरियात आर४ आणा, आणि दुसऱ्या टास्कमध्ये लिहा की आर४ ला सगळे रूट तपशिलाने दिसावेत. झालं, टोटली स्टबी बाद. ती पूर्ण एरियाला लागू होते, आर४ चेही रूट जातील. इथे आर३ वर आत येणारी डिस्ट्रिब्यूट-लिस्ट लावावी लागते. ती ओएसपीएफचा डेटाबेस तसाच ठेवते आणि फक्त आर३ च्या स्वतःच्या राउटिंग टेबलमध्ये जाणारे रूट गाळते. डिफॉल्ट रूट मात्र आर१ वरून वेगळा जाहीर करावा लागेल.

आणखी एक बदल: आर३ च्या मागे ईआयजीआरपी या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलचं जाळं आहे आणि त्याचे रूट ओएसपीएफमध्ये आणायचे आहेत. स्टब एरियात बाहेरचे रूट घुसवता येत नाहीत, म्हणून एनएसएसए, म्हणजे बाहेरचे रूट आणू देणारा स्टबचाच प्रकार. वाक्य तेच, एक अक्षर बदललं नाही, उत्तरं तीन.

संदिग्ध वाक्याचा अर्थ शेजारच्या टास्कमध्ये दडलेला असतो तो असा. बामणोदच्या बाजूला कुणी ‘भरताला वांगी घेऊन ये’ म्हणालं तर रंग सांगावा लागत नाही, मोठी हिरवी-पांढुरकी वांगीच घरी येतात. तेच वाक्य पुण्याच्या मंडईत जांभळी वांगी घरी आणेल. सांगणारा अर्धवट बोलत नाही, त्याने उरलेलं ठिकाणावर सोडलेलं असतं. पेपर काढणाऱ्यानेही उरलेलं आकृतीवर सोडलेलं असतं.

तिसरी पायरी: क्रियापदं आणि मनाई अधोरेखित करा

‘प्रिफर’ आणि ‘यूज ओन्ली’ यांत नवशिका सर्वांत जास्त फसतो. जळगावहून मुंबईला जायचं तर आपण मनमाड-नाशिकची वाट धरतो. ती लाइन बंद पडली तर अमळनेर, नंदुरबार, सुरत करत जाता येतं, लांब पडतं पण पोचतो. ‘प्रिफर’ म्हणजे मनमाडला पहिली पसंती, सुरत शिल्लक. ‘ओन्ली’ म्हणजे मनमाड बंद तर घरी बसा. टास्कमध्ये ‘प्रिफर’ असताना तुम्ही दुसरी वाट फिल्टर लावून तोडली तर ट्रॅफिक बरोबर वाटेने जाईल, ट्रेसराउट सुंदर दिसेल आणि टास्क चुकलेला असेल.

‘शुड’ आणि ‘मस्ट’ बद्दल नेहमी विचारलं जातं. इंटरनेटच्या प्रमाणकांत या शब्दांना नेमके अर्थ आहेत, मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये ते बांधून दिलेत: ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येईल असं. ही वाटणी परीक्षेत घेऊन जाऊ नका. परीक्षेतलं ‘शुड’ सक्तीचंच धरा. पाहुणी आलेली आत्या ‘जरा चहा टाकशील?’ म्हणते तेव्हा तिला होय-नाही असं उत्तर नको असतं, तसंच हे.

मनाईचे शब्द मात्र मनापासून वाचा, कारण मनाई ही मदत असते. ‘स्टॅटिक रूट वापरू नका’, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स बदलू नका’, ‘फक्त आर३ वर बदल करा’: प्रत्येक अट एकेक वाट बंद करते. चार वाटांपैकी तीन बंद झाल्या की उरलेली परीक्षकाच्या मनातली. बीजीपीत, म्हणजे वेगवेगळ्या संस्थांची नेटवर्क एकमेकांना जोडणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये, हे फार स्वच्छ दिसतं. एएस ६५०१० मध्ये (एएस म्हणजे एका संस्थेच्या ताब्यातलं नेटवर्क) आर१ आणि आर२ बाहेरच्या दोन कंपन्यांना जोडलेले आहेत. आता ही तीन वाक्यं बघा.

‘एएसमधून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकने आर१ ला पसंती द्यावी.’ इथे पूर्ण एएसचा निर्णय आहे, म्हणून लोकल प्रेफरन्स. मुळात ती १०० असते, आर१ वर आत येणाऱ्या रूटना २०० करा.

‘आर३ ने बाहेर जाण्यासाठी आर१ निवडावा. इतर कोणत्याही राउटरची निवड बदलू नये.’ दुसऱ्या वाक्याने लोकल प्रेफरन्स बाद केली. वेट ही राउटरच्या बाहेर जात नाही, म्हणून आर३ वर वेट.

‘बाहेरून येणाऱ्या ट्रॅफिकने आर१ ला पसंती द्यावी.’ इथे आपल्या घरातली कुठलीच पसंती कामाची नाही, समोरच्याचा निर्णय वळवायचा आहे. म्हणून आर२ वरून जाहीर होणाऱ्या रूटवर एएस-पाथ (रूट कुठल्या एएसमधून आला त्यांची यादी) लांबवा. एमईडी (आत यायची वाट शेजाऱ्याला सुचवणारा आकडा) का नाही? कारण ती मुळात एकाच शेजारी एएसकडून आलेल्या रूटमध्येच तोलली जाते आणि इथे शेजारी दोन आहेत.

रूट ज्या दिशेने जाहीर होतो त्याच्या उलट दिशेने ट्रॅफिक वाहतं. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि सहाव्या तासाला सगळे विसरतात. ‘इनबाउंड’ शब्द दिसला की कागदावर एक बाण रूटचा आणि एक बाण ट्रॅफिकचा काढाच. पाच सेकंद लागतात.

चौथी पायरी: जेवढं मागितलं तेवढंच

ही पायरी मी किंमत मोजून शिकलो. पहिल्या खेपेला मी नापास झालो. प्रश्न सांगणार नाही, पण चूक माझी होती आणि ती सांगता येते. तेव्हा मला कामाचा सात-आठ वर्षांचा अनुभव होता. नेटवर्कमध्ये काही उणं दिसलं की दुरुस्त करायचं, ही सवय अंगात मुरलेली. तिथेही मी तेच केलं. कुणी मागितलं नव्हतं ते ‘असायला हवं’ म्हणून लावलं, आणि त्याने दुसऱ्या एका टास्कची अट मोडली. परत येताना कर्नाटक एक्सप्रेसमध्ये भुसावळ येईपर्यंत एकेक टास्क आठवून ताडून पाहत होतो. तिथे कागद काढून कळलं की चुकलेल्या बहुतेक ठिकाणी मला उत्तर येत होतं.

कामावर आपण चांगलं नेटवर्क बांधतो, परीक्षेत वाक्य पुरं करतो. अनुभवी माणसाला हे जास्त जड जातं. टास्क म्हणतो, आर२ कधीही डीआर (ओएसपीएफमध्ये निवडून आलेला प्रमुख राउटर) होऊ नये. तुम्ही आर१ ची प्रायॉरिटी २५५ केलीत, आर२ चीही शून्य केलीत आणि हात फिरतोच आहे तर आर४ ची पन्नास. ‘कधीही नाही’ला शून्य पुरेसं होतं. आर४ च्या पन्नासने पुढच्या कुठल्या टास्कची निवडणूक बिघडेल ते सांगता येत नाही.

मी मुलांना सांगतो, प्रत्येक कमांड टाइप करण्याआधी टास्कमधल्या कुठल्या शब्दासाठी ती आहे त्यावर बोट ठेवा. बोट ठेवायला शब्द सापडला नाही तर कमांड टाइप करू नका.

पाचवी पायरी: तरीही दोन अर्थ उरले तर

आधी बघा, दोन्ही अर्थांना पुरेल असं एकच उत्तर आहे का. बऱ्याचदा असतं.

चोपड्याच्या एका मुलाचं उदाहरण. टास्क होता: ‘आर२ च्या लूपबॅकचं नेटवर्क सर्व राउटरना ओएसपीएफमधून मिळावं.’ लूपबॅक म्हणजे राउटरच्या आतला काल्पनिक इंटरफेस. त्यावर १०.२.२.२/२४ होता. (तिरप्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे पत्त्यातले किती बिट नेटवर्कचे ते; /३२ म्हणजे एकच पत्ता.) त्याने ओएसपीएफ चालू केलं, आर५ वरून पिंग केलं, पाच पैकी पाच. मी म्हटलं, चूक. त्याच्या बाजूला बसलेला भुसावळचा पोरगा त्याची बाजू घेत म्हणाला, “पण पिंग तं व्हई राहिनं ना!” पिंग होत होतंच. पण आर५ च्या टेबलमध्ये १०.२.२.२/३२ दिसत होता. ओएसपीएफ लूपबॅकला मुळात एकटा होस्ट मानून /३२ करूनच जाहीर करतं. टास्कमध्ये शब्द होता ‘नेटवर्क’, आणि नेटवर्क तर १०.२.२.०/२४ आहे.

आता ‘नेटवर्क’ हा शब्द परीक्षकाने नेमका वापरला की सहज? सांगता येत नाही. पण लूपबॅकवर ‘आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट’ ही एक ओळ टाकली की /२४ जातो. नेमका वापरला असेल तरी बरोबर, सहज वापरला असेल तरी पिंग चालूच. दोन्ही अर्थ एका ओळीत भागले. मात्र आधी कायमच्या अटींच्या ओळीकडे बघायचं, नेटवर्क टाइप बदलायला कुठे मनाई नाही ना.

समरी रूटमध्ये नेहमीच असं जुळत नाही. १०.१.४.० ते १०.१.७.० या चार /२४ चा सारांश १०.१.४.०/२२, नेमका. पण टास्कमध्ये ५, ६ आणि ७ एवढेच आहेत आणि लिहिलंय ‘शक्य तितके कमी रूट जाहीर करा’. एकच /२२ टाकला तर ४ नंबरचं नेटवर्कही त्यात येतं, जे आपल्याकडे नाही. दोन रूट टाकले, १०.१.५.०/२४ आणि १०.१.६.०/२३, तर कुणाचं काही ओढून घेतलं जात नाही. ‘कमी’ला मर्यादा आहे की नाही? इथे दोन्हींना पुरणारं उत्तर नाही. आकृतीत १०.१.४.० दुसऱ्या कुणाकडे असेल तर प्रश्न मिटला, दोन रूट. कुठेच नसेल तर ही वेळ विचारायची आहे.

सहावी पायरी: प्रॉक्टरला विचारणं

आपल्याकडची मुलं विचारत नाहीत. समोरचा काय म्हणेल, आपली इंग्रजी अडखळेल, हाच प्रश्न बावळट ठरला तर? हा संकोच मी ओळखतो, माझ्यातही होता. पण प्रश्नाचा शब्दार्थ स्पष्ट करणं हे प्रॉक्टरच्या कामातच येतं. उत्तर बरोबर की चूक ते तो सांगणार नाही.

म्हणून प्रश्न उत्तराबद्दल नको, वाक्याबद्दल हवा. ‘इथे टोटली स्टबी करू का?’ असं विचारलंत तर तो म्हणेल, टास्क पुन्हा वाचा. असं विचारा: ‘या वाक्यातला ओन्ली मला दोन प्रकारे वाचता येतो. आर३ च्या टेबलमध्ये डिफॉल्टशिवाय काही नको, हा एक. डिफॉल्ट आर३ सोडून कुणाला नको, हा दुसरा. यातला कुठला धरू?’ दोन अर्थ तुम्ही स्वतः मांडले, त्यामुळे तुम्हाला विषय कळतो हे त्यालाही दिसतं आणि उत्तर एका शब्दात देता येतं. कधी कधी तो तरीही ‘जसं लिहिलंय तसं करा’ म्हणेल. त्याचाही अर्थ आहे: शब्दशः वाचा, कल्पना लढवू नका.

आमच्या बॅचमध्ये हे वाक्य इंग्रजीतून मोठ्याने म्हणायचा सराव आम्ही करतो. अमळनेरची मुलगी पहिल्या दिवशी उभीसुद्धा राहत नव्हती. आता ती बाकीच्यांची वाक्यं दुरुस्त करते. उठण्याआधी प्रश्न कागदावर लिहून काढा. लिहिताना निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्याला सापडतं.

प्रॉक्टरने उत्तर दिलं नाही, दोन्ही अर्थांना पुरणारं काही नाही, तर शब्दशः अर्थ धरा, सर्वांत लहान बदल करा, कागदावर खूण करून पुढे चला. एका टास्कवर पाऊण तास बसणं हा सर्वांत महागडा सौदा.

सातवी पायरी: पडताळणीही शब्दांनीच

पिंग झालं म्हणजे टास्क झाला असं नाही, हे लूपबॅकने दाखवलंच. टास्कमधला प्रत्येक अधोरेखित शब्द कुठल्या शो कमांडने सिद्ध होतो ते ठरवा. ‘नेटवर्क मिळावं’ला राउटिंग टेबल. ‘डीआर होऊ नये’ला ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’. ‘प्रिफर’ला दोन गोष्टी लागतात: आत्ता पहिली वाट चालू आहे हे, आणि ती पाडली की दुसरी धरली जाते हेही. त्यासाठी इंटरफेस शट करून बघावंच लागतं. शट केलेला इंटरफेस नो शट केल्याची खूण कागदावर करा. उघडायचा राहिलेला एक इंटरफेस पाच टास्क घेऊन जातो.

पिंग करताना कुठून करता तेही बघा. नुसतं पिंग बाहेर पडणाऱ्या इंटरफेसचा पत्ता घेऊन जातं. टास्क लूपबॅक ते लूपबॅक म्हणत असेल तर सोर्समध्ये लूपबॅक द्यायलाच हवा, नाहीतर परतीचा रूट नसलेला कळतच नाही.

टास्कमध्ये चार अटी असतील आणि तीन पुऱ्या झाल्या, तर पाऊण गुण मिळतील या भरवशावर राहू नका. चारही पुऱ्या झाल्या तरच टास्क झाला असं धरून चाला. म्हणूनच चौथ्या अटीसाठी दोन मिनिटं जास्त देणं परवडतं.

घरचा सराव

यासाठी महागडं काही लागत नाही. संगणकावर राउटरचा सराव करू देणारं जीएनएस३ फुकट आहे, ईव्ह-एनजीची कम्युनिटी आवृत्तीही, आणि सीसीएनएपुरतं पॅकेट ट्रेसर पुष्कळ. पण मी सांगतोय तो सराव मुळात कागदाचा आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, दुपारी लाइट गेली की लॅपटॉप तापून बंद पडायची वेळ येते. तेव्हा वही घेऊन ओट्यावर बसा. जोडीदार असेल तर फार उत्तम: एकाने मुद्दाम सैल टास्क लिहायचा, दुसऱ्याने त्याचे सगळे अर्थ काढायचे आणि कुठल्या अर्थाला कुठली आकृती लागेल ते सांगायचं. आठवड्याला पाच टास्क केले तरी दोन-तीन महिन्यांत नजर बदलते. दुसऱ्यासाठी टास्क लिहायला बसलात की पेपर काढणारा प्रत्येक अट का घालतो तेही आतून कळायला लागतं.

सुरुवातीला हा एक घ्या. आमच्या बॅचने याचे पाच अर्थ काढले, आणि त्यातले दोन माझ्या लक्षात आले नव्हते.

‘आर५ ने १९८.५१.१००.०/२४ कडे जाणारं ट्रॅफिक आर६ आणि आर७ मध्ये वाटून द्यावं. आर६ उपलब्ध नसल्यास सेवा खंडित होऊ नये. आर५ वर कोणताही स्टॅटिक रूट वापरू नये.’